फुकट, मोफत आणि मुक्त : 'द स्लिप' या अल्बमचे एक परीक्षण

धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत, असा एक लोकव्यवहार आहे. व्यवहारात तो शहाणपणाचा असेल. समीक्षेस मात्र तो मान्य करता येत नाही. जी कलाकृती कसल्याही मोबदल्यावाचून हाती येते, तिच्याविषयी बोलताना दोन प्रवृत्ती हटकून आढळतात. काही जण देणाऱ्याच्या औदार्याने भारावून जाऊन कृतीची स्तुती करतात. काही जण, जिला किंमत नाही तिला मोलही नसणार, असे गृहीत धरून तिच्याकडे पाठ फिरवतात. दोन्ही ठिकाणी परीक्षण होते ते व्यवहाराचे. कृती तशीच बाजूला राहते. 'नाइन इंच नेल्स' या अमेरिकन इंडस्ट्रियल रॉक संगीतसमूहाने ५ मे २००८ रोजी कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीच्या साहाय्यावाचून, केवळ आपल्या संकेतस्थळावरून वितरित केलेला 'द स्लिप' हा अल्बम या दोन्ही प्रवृत्तींना बळी पडलेला आहे. म्हणून त्याचे परीक्षण करताना कृती व तिचे वितरण यांचा विचार प्रथम पृथक्पणे आणि नंतर एकत्र करणे इष्ट ठरेल.

या विचारास मराठी भाषेचे एक अनपेक्षित साहाय्य होते. इंग्रजीत ज्या 'फ्री' या एकाच शब्दाने काम भागते, त्यासाठी मराठीत निदान तीन शब्द प्रचलित आहेत व ते परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत. 'फुकट' या शब्दात वस्तूची किंमत नाहीशी होतेच, शिवाय तिच्या मोलाविषयीही शंका निर्माण होते. श्रम फुकट गेले, फुकटचा मान, हे प्रयोग त्याची साक्ष देतात. 'मोफत' हा फारसीतून आलेला शब्द तुच्छतादर्शक नाही. परंतु त्यात कोणीतरी देणारा गृहीत असतो. मोफत औषधे, मोफत शिक्षण असे म्हणताना खर्च कोणी तरी सोसलेला आहे हे ऐकणाऱ्यास ठाऊक असते. 'मुक्त' या संस्कृत शब्दाचा तर किमतीशी मुळीच संबंध नाही. तो बंधनाचा अभाव सांगतो. वस्तू पैसे मोजून घेतली तरी ती मुक्त असू शकते, आणि मोफत मिळालेली वस्तू पूर्णतः बद्ध असू शकते. 'द स्लिप' या तीन शब्दांपैकी कोणत्या शब्दास पात्र आहे, हा प्रश्न वरवर शाब्दिक वाटला तरी अल्बमचे खरे स्वरूप त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रथम पार्श्वभूमी. 'इंडस्ट्रियल' हे संगीतातील नामाभिधान रूढ झाले ते 'थ्रॉबिंग ग्रिसल' या समूहाने १९७६ मध्ये लंडन येथे स्थापन केलेल्या 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' या संस्थेमुळे. कारखान्यातील गोंगाट, यंत्रांची एकसुरी आवर्तने, विकृत केलेला मानवी आवाज यांना संगीताची सामग्री मानावयाचे, ही या संप्रदायाची मूळ प्रतिज्ञा होय. १९८० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या 'आइन्श्टुर्त्सेन्ड नॉयबाउटन' या समूहाने तर धातूचे पत्रे व बांधकामाची हत्यारे हीच वाद्ये म्हणून वापरली. या ध्वनिविश्वास रॉक संगीताच्या गीतरचनेशी जोडून त्याचा व्यापक प्रसार करणाऱ्यांत ट्रेन्ट रेझ्नर यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांनी १९८८ मध्ये ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे 'नाइन इंच नेल्स'ची स्थापना केली. 'प्रिटी हेट मशीन' (१९८९), 'द डाउनवर्ड स्पायरल' (१९९४) व 'द फ्रॅजाइल' (१९९९) हे त्यांचे प्रमुख अल्बम. हे सर्व कंपन्यांच्या करारांखाली निघाले, आणि त्या करारांविषयीची रेझ्नर यांची नाराजी प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये आपण सर्व करारांतून मोकळे झालो असल्याचे त्यांनी जाहीर केले.

त्यानंतरच्या काही महिन्यांतील घटनाक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. ऑक्टोबर २००७ मध्येच 'रेडिओहेड' या इंग्लिश समूहाने 'इन रेन्बोज' हा अल्बम श्रोता देईल त्या किमतीस उपलब्ध करून दिला. पुढच्याच महिन्यात रेझ्नर यांनी निर्मिती केलेला सॉल विल्यम्स यांचा अल्बम विनामूल्य अथवा स्वेच्छेने पाच डॉलर देऊन घ्यावा, अशा रीतीने प्रसृत झाला. जानेवारी २००८ च्या आरंभी रेझ्नर यांनी त्याचे आकडे प्रसिद्ध केले : १,५४,४४९ जणांनी अल्बम डाउनलोड केला व त्यांपैकी २८,३२२ जणांनी, म्हणजे शेकडा १८.३ जणांनी, पैसे दिले. २ मार्च २००८ रोजी 'गोस्ट्स १–४' हा छत्तीस वाद्यरचनांचा संग्रह निघाला. त्यातील पहिल्या नऊ रचना विनामूल्य व संपूर्ण संग्रह पाच डॉलरला होता. तीनशे डॉलर किमतीच्या २,५०० विशेष प्रतीही काढण्यात आल्या व त्या लवकरच संपल्या. यानंतर केवळ दोन महिने व तीन दिवसांनी 'द स्लिप' आला. या वेळी स्वेच्छेच्या पाच डॉलरांचाही प्रश्न ठेवलेला नव्हता. श्रोत्याने ईमेलचा पत्ता द्यावा व संपूर्ण अल्बम घेऊन जावा; तोही केवळ एमपीथ्री या संक्षिप्त रूपात नव्हे, तर मुद्रणाची प्रत यत्किंचितही न घटवणाऱ्या अन्य रूपांतही, इतकी साधी ही योजना होती.

आता 'फुकट' या पहिल्या शब्दाची परीक्षा. घाईने उरकलेले, विकण्याच्या योग्यतेचे नसलेले काम वाटून टाकले, असा संशय येथे घेता येईल काय? याचे उत्तर रचनेतूनच शोधले पाहिजे. अल्बममध्ये दहा रचना असून त्याची एकूण लांबी चव्वेचाळीस मिनिटांहून किंचित कमी आहे. रेझ्नर यांच्यासह ॲटिकस रॉस व ॲलन मोल्डर हे निर्माते आहेत. वादनात जॉश फ्रीझ, रॉबिन फिंक व आलेस्सांद्रो कोर्तिनी यांचा सहभाग आहे. मराठी समीक्षेच्या अभ्यासकांस बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात मांडलेली संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे परिचित आहेत. घटकांचा क्रम व त्यांचे परस्परसंबंध हेच ज्या कृतीचे मुख्य बळ आहे, तिच्या परीक्षेस ही तत्त्वे विशेष उपयोगी पडतात.

'९९९,९९९' या दीड मिनिटाहून कमी अवधीच्या शब्दविरहित प्रस्तावनेने अल्बमचा आरंभ होतो. दुरून येणारा गुंजारव हळूहळू दाट होतो आणि '१,०००,०००' या दुसऱ्या रचनेत ढोलांच्या आघाताने फुटतो. शीर्षकांतील संख्यांमध्ये अंतर एकाचेच आहे. परंतु त्या एकाने सहा अंकांची संख्या सात अंकांची होते. संचय आणि स्फोट यांचे हे नाते शीर्षकांनी सांगावे व ध्वनीने सिद्ध करावे, ही योजना सहेतुक आहे. पुढील 'लेटिंग यू', 'डिसिप्लिन', 'एकोप्लेक्स' व 'हेड डाउन' या चार गीतांत संवादाचे तत्त्व प्रधान आहे. प्रत्येकात ठाशीव, यांत्रिक ताल. त्यावर गिटारचा अथवा सिंथेसायझरचा एक आखूड बंध. आणि त्या बंधाच्या पुनरावृत्तीत अडकलेला एक आवाज. 'एकोप्लेक्स' हे तर ध्वनी फितीवर मुद्रित करून पुनःपुन्हा उमटवणाऱ्या जुन्या यंत्राचे नाव होय, आणि त्या गीतातील आवाजही बंद भिंतींवर आपटून स्वतःकडेच परत येतो. यंत्र हा येथे विषय आहे, आणि रचनेची पद्धतीही तीच आहे.

सातव्या रचनेपाशी विरोधाचे तत्त्व प्रवेश करते. 'लाइट्स इन द स्काय' मध्ये ताल थांबतो. एक पियानो आणि जवळजवळ कुजबुजीपर्यंत खाली आलेला स्वर एवढेच उरते. तेवीस मिनिटांच्या यांत्रिक आघातानंतर आलेली ही शांतता विश्रांतीसारखी वाटत नाही. आधार काढून घेतल्यासारखी वाटते. त्यानंतर 'करोना रेडिएटा' ही साडेसात मिनिटांची व 'द फोर ऑफ अस आर डाइंग' ही साडेचार मिनिटांहून थोडी अधिक, अशा दोन शब्दविरहित रचना लागोपाठ येतात. पहिलीचे नाव मेंदूतील मज्जातंतूंच्या पंखाकार जुडग्याचे शास्त्रीय नाव आहे. दुसरीचे नाव 'द ट्वायलाइट झोन' या अमेरिकन दूरदर्शनमालिकेतील १९६० च्या एका भागाचे आहे. प्रस्तावना धरून शब्दविरहित भाग एकूण अवधीच्या शेकडा तीसहून अधिक भरतो. ज्या रचनाकाराची ख्याती आक्रोश करणाऱ्या शब्दांवर उभी राहिली, त्याने अल्बमच्या उत्तरार्धात शब्द जवळजवळ त्यागावा, ही गोष्ट घाईची निदर्शक नव्हे. शेवटच्या 'डीमन सीड' मध्ये ताल व शब्द दोन्ही परत येतात. पहिल्या सहा रचना सुमारे तेवीस मिनिटांच्या व उरलेल्या चार सुमारे साडेवीस मिनिटांच्या असल्याने समतोलही साधलेला आहे.

अर्थात् गाईचे दात पाहावयाचे म्हटले की दोषही सांगितले पाहिजेत. 'हेड डाउन' मधील स्वतःच्याच चेहऱ्यास परका मानणारा निवेदक 'द डाउनवर्ड स्पायरल' पासून परिचित आहे, आणि येथे त्याच्या शब्दसंग्रहात कोणतीही भर पडलेली नाही. 'डिसिप्लिन' मधील शिस्तीची याचना नृत्यास अनुकूल अशा तालावर मांडल्यामुळे चटकदार झाली आहे. परंतु याचनेची तीव्रता त्या चटकदारपणात विरते. 'करोना रेडिएटा' ची पहिली चार मिनिटे श्रोत्याच्या संयमावर अधिक भार टाकतात. तरीही सातव्या रचनेपासून नवव्या रचनेपर्यंतचा प्रवास हा या समूहाच्या एकूण कार्यात अव्वल दर्जाचा ठरतो. 'फुकट' हा शब्द या कृतीस लागू पडत नाही, हे यावरून निश्चित म्हणता येईल.

'मोफत' हा शब्द मात्र लागू पडतो, आणि तो कसा लागू पडतो हे पाहणे उद्बोधक आहे. अल्बमसोबत रेझ्नर यांनी श्रोत्यांच्या दीर्घकालीन निष्ठेबद्दल कृतज्ञता व्यक्त करणारी छोटी टीप जोडली होती. तिची भाषा खाणावळीत सर्वांचे पैसे एकाने चुकते करावेत त्या प्रसंगाची आहे. म्हणजे येथे यजमान आहे व पाहुणे आहेत; खर्च नाहीसा झालेला नाही, तो एकाने सोसलेला आहे. यजमानास तो सोसता आला याचे कारणही उघड आहे. कंपन्यांच्या भांडवलावर व जाहिरातीवर सुमारे दोन दशके उभारलेली कीर्ती, 'गोस्ट्स' च्या विक्रीतून नुकतेच झालेले उत्पन्न व त्या वर्षीच्या संगीतदौऱ्याची तिकिटे ही त्याच्या पाठीशी होती. शिवाय जुलै २००८ मध्ये 'द स्लिप' च्या क्रमांकित अडीच लाख प्रती, तालमींच्या चित्रफितीसह, विक्रीस काढण्यात आल्याच. जी मोकळीक एका कीर्तिमंतास परवडली ती अज्ञात कलावंतासही परवडेल, असा निष्कर्ष या उदाहरणावरून काढणे धाडसाचे ठरेल. तो निष्कर्ष त्या काळी अनेकांनी काढला, ही वेगळी गोष्ट.

परंतु अल्बमसोबत आणखी एक लेख होता, आणि त्याची भाषा यजमानाची नव्हती. तो म्हणजे परवाना. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या २००१ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या संस्थेने तयार केलेल्या परवान्यांपैकी एकाखाली 'द स्लिप' प्रसिद्ध झाला. मूळ कर्त्याचे नाव द्यावे, व्यापारी उपयोग करू नये आणि नवी कृती झाल्यास तीही याच अटींवर इतरांस द्यावी, या तीन अटी पाळून कोणासही अल्बमची नक्कल करता येते, वाटता येते आणि बदलता येते. इतकेच नव्हे, तर प्रत्येक गीतातील वाद्ये व आवाज यांचे स्वतंत्र ध्वनिपटही रेझ्नर यांनी उपलब्ध करून दिले. २००५ मध्ये एका गीतापुरता केलेला हा प्रयोग येथे अल्बमास लागू झाला. पाहुण्यास पंक्तीत बसवणे आणि त्यास स्वयंपाकघराची किल्ली देणे यांत जो फरक आहे, तोच 'मोफत' व 'मुक्त' यांत आहे. टीप पहिल्या प्रकारची आहे, परवाना दुसऱ्या प्रकारचा.

या दोहोंतील ताण अल्बमच्या अंतरंगातही आढळतो, आणि तो सर्वनामांत आढळतो. मराठीत उत्तम पुरुषाच्या बहुवचनाची दोन रूपे आहेत : ऐकणाऱ्यास वगळणारे 'आम्ही' आणि त्यास सामावून घेणारे 'आपण'. अनेक द्राविडी भाषांत हा भेद आढळतो व मराठीने तो त्यांच्या सान्निध्यात दृढ केला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. इंग्रजीत हा भेद नाही. 'द स्लिप' मधील बहुतेक गीते 'मी' व 'तू' यांच्यात घडतात. 'लेटिंग यू' मध्ये मात्र 'वी' हे बहुवचन येते. अन्याय करणाऱ्या सत्तेस मोकळे सुटू देणाऱ्यांचा हा कबुलीजबाब आहे, आणि मराठीत तो सांगावयाचा झाल्यास निर्णय करणे भाग पडते. 'आम्ही' म्हटले तर ती केवळ एका गटाची कबुली होते. 'आपण' म्हटले तर श्रोताही दोषी ठरतो. गीताचा सूर पाहता दुसराच अर्थ अभिप्रेत असावा. हाच प्रश्न 'द फोर ऑफ अस आर डाइंग' या शीर्षकाबाबत अधिक तीव्रतेने उभा राहतो, कारण त्या रचनेत शीर्षकाखेरीज एकही शब्द नाही. मरणारे चौघे कोण? वादकही चारच आहेत. 'आम्ही चौघे' म्हटल्यास श्रोता तीरावर उभा राहून पाहणारा होतो. 'आपण चौघे' म्हटल्यास तोही बुडणाऱ्यांत मोजला जातो. रचना निर्णय देत नाही. एकच बंध हळूहळू दाट होत जातो आणि श्रोता आपली जागा शोधत राहतो.

परवाना मात्र निर्णय देतो. तो श्रोत्यास 'आपण' मध्ये घेतो. ध्वनिपट हाती असल्याने त्यास ती रचना उघडता येते, एखादे वाद्य काढून टाकता येते, आपले मिसळता येते. उलटपक्षी गीतांतील निवेदक अखेरपर्यंत 'मी' च्या बंद खोलीत आहे. एकाकीपणाची गाणी सहकाराच्या अटींवर दिली गेली, हा 'द स्लिप' चा खरा विशेष होय. बद्ध आवाज आणि मुक्त ध्वनिपट यांचा हा विरोध परवान्याकडे दुर्लक्ष करून अल्बम ऐकणाऱ्यास कळणार नाही, आणि अल्बम न ऐकता परवान्याचीच चर्चा करणाऱ्यास तर मुळीच कळणार नाही.

पुढील इतिहास या निष्कर्षास मर्यादा घालतो, म्हणून त्याचाही उल्लेख आवश्यक आहे. २०१३ मध्ये 'हेझिटेशन मार्क्स' हा अल्बम घेऊन नाइन इंच नेल्स 'कोलंबिया रेकॉर्ड्स' या मोठ्या कंपनीच्या छत्राखाली परतले. त्यामुळे २००८ ची मुक्ती ही क्रांती नव्हती, एक मध्यंतर होते, असे म्हणावे लागते. तथापि मध्यंतराचे परिणाम उरले. परवान्याने मोकळा असलेला 'गोस्ट्स १–४' हा संग्रह २००८ मध्ये ॲमेझॉनच्या एमपीथ्री विक्रीत सर्व अल्बमांत अग्रस्थानी राहिला. वाटता येणारी वस्तूही लोकांनी विकत घेतली. त्यातीलच एका वाद्यरचनेचा अंश लिल नॅस एक्स यांच्या 'ओल्ड टाउन रोड' या गीतात योजला गेला. २०१९ मध्ये ते गीत अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सलग एकोणीस आठवडे पहिल्या स्थानी होते, आणि रेझ्नर व रॉस यांची नावे त्याच्या रचनाकारांत नोंदली गेली. व्यापारी उपयोगास अटकाव करणारी अट 'मुक्त' या शब्दास कोठे कुंपण घालते, हे यावरून दिसते. २६ मार्च २०२० रोजी, महामारीमुळे जग घरांत कोंडले गेले असता, 'गोस्ट्स' चे पुढील दोन भाग पुन्हा विनामूल्य देण्यात आले. बारा वर्षांपूर्वीच्या प्रथेकडे परतण्यास एका सामायिक संकटाचे निमित्त लागावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

सारांश, 'द स्लिप' फुकट नाही. त्याचा उत्तरार्ध मोल देऊनही ऐकावा अशा योग्यतेचा आहे. तो मोफत आहे, परंतु त्या मोफतपणाची किंमत आधीच कोणीतरी व कोठेतरी चुकती केलेली होती. आणि तो मुक्त आहे, पण काही अटींपुरता आणि काही काळापुरता. 'स्लिप' या शब्दाचा एक अर्थ निसटणे असा होतो. पकडीतून निसटलेली वस्तू पुन्हा पकडली जाऊ शकते. तथापि निसटण्याच्या त्या क्षणी ती कोणाचीच नसते, म्हणून सर्वांची असते. त्या क्षणाचे संगीत या अल्बमने जतन केले आहे. गाईचे दात मोजून झाल्यावर ती घरी न्यावी, असाच निर्णय येथे द्यावा लागतो.